अनेक खेळाडूंच्या तलवारबाजीचा पत्त्यांचा खेळ: वेग राखावा कसा?

पानबहाद्दर यांचा प्रश्न:

गेले काही महिने मी नेहमीच्या ५२ पानी कॅटवर खेळता येईल असा तलवारबाजीचा एक वेगवान खेळ रचण्याच्या खटपटीत आहे. तीन ते सहा जणांना एकत्र खेळता यावा आणि कुणालाही फार वेळ हातावर हात ठेवून बसावे लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. सध्याचे नियम असे आहेत. प्रत्येकाला पाच पत्ते आणि तीन जीव मिळतात. ज्याची पाळी असेल त्याने कोणाही एका खेळाडूवर एक पत्ता टाकून वार करायचा. ज्याच्यावर वार झाला त्याने त्याच रंगाचा (इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर यांपैकी) वरचा पत्ता टाकून तो अडवायचा, आणि ते जमले नाही तर एक जीव गमवायचा. नंतर दोघांनी हात पुन्हा पाच पत्त्यांचा करायचा आणि पाळी डावीकडे सरकायची.

कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षात मात्र खेळाचा पार विचका होतो. पाच जणांत पहिला गडी दहा मिनिटांत बाद होतो आणि पुढचा अर्धा तास नुसती बघ्याची भूमिका घेतो. उरलेल्यांपैकी जो दुबळा झालेला असेल त्याच्यावर सगळे तुटून पडतात. शिवाय आपली पाळी येईपर्यंत चार जणांचा विचार संपण्याची वाट पाहावी लागते, त्यामुळे ही तलवारबाजी कमी आणि टपाल कचेरीतील रांग अधिक वाटते.

वैतागून मी पाळ्याच काढून टाकल्या आणि ज्याला सुचेल त्याने सुचेल तेव्हा वार करावा असे ठरवले. तेव्हा खेळ खरोखर वेगवान झाला, परंतु दुसऱ्याच डावात दोघांनी एकाच वेळी तिसऱ्यावर पत्ते आपटले, कोणाचा आधी यावरून वाद पेटला, आणि त्या झटापटीत चौकटच्या राणीला मधोमध घडी पडली. आता ती पिसतानासुद्धा ओळखू येते.

पाळ्या ठेवल्या तर वेग जातो आणि काढल्या तर शिस्त जाते. यातून मार्ग काढलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डावखुरा यांचे उत्तर:

आपला खेळ रेंगाळतो याचे पहिले कारण पाळ्या नसून अडवण्याचा नियम आहे, असे मला वाटते. थोडे गणित करून पाहू. समजा, आपल्यावर सत्तीचा वार झाला. त्या रंगात सत्तीच्या वरचे सात पत्ते असतात. आपल्या पाच पत्त्यांत त्यांपैकी एक तरी असण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते. वार गुलामाचा असेल तर वरचे पत्ते तीनच उरतात आणि ही शक्यता २७ टक्क्यांवर येते. राजाचा असेल तर १० टक्क्यांच्याही किंचित खाली जाते. म्हणजे ज्याच्या हातात चित्रे आली त्याने वार करावा आणि दुसऱ्याने मुकाट्याने जीव द्यावा, असा हा प्रकार आहे. ज्या खेळात वार क्वचितच अडतो त्यात पात्यावर पाते घासल्याचा आवाज येत नाही, आणि तलवारबाजीचा सगळा आनंद तर त्या आवाजातच आहे.

त्याऐवजी असे करून पाहावे. त्याच रंगाचा कोणताही पत्ता, मग ती दुर्री का असेना, वार अडवू शकेल. मग पाच पत्त्यांच्या हाताने वार अडण्याची शक्यता ७५ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र अडवणारा पत्ता वाराच्या पत्त्यापेक्षा वरचा असेल, तरच अडवणाऱ्याला ताबडतोब प्रतिवाराचा हक्क मिळावा. खालच्या पत्त्याने अडवले तर जीव वाचतो, पण हक्क मिळत नाही; तो वार करणाऱ्याच्या डाव्या हाताच्या खेळाडूकडे जातो. प्रतिवार करणाऱ्याने आलेल्या माणसावरच उलटा वार करावा असे बंधन नको. त्याला हवे तर तो दुसरीकडे वळू शकतो.

यामुळे पाळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे न फिरता पात्यामागून फिरू लागते. आपल्यावर वार कधी येईल हे ठाऊक नसल्याने सहाही जण सावध बसतात, आणि वेगासाठी कोणाला घाई करावी लागत नाही.

आणखी एक सूचना आहे आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक अडवणीनंतर हात भरू नये. कोणालातरी घाव बसेपर्यंत पत्ते संपू द्यावेत, आणि घाव बसला की सर्वांनी पुन्हा पाच-पाच करावेत. चकमक लांबली की हात रिकामा होतो आणि त्याबरोबर दमही जातो. पाच पत्ते असताना अडवण्याची शक्यता ७५ टक्के, तीन असताना सुमारे ५६, आणि एकच उरला असेल तर २४ टक्क्यांच्या आत. (आधी पडलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्याला हे आकडे आणखी नेमके करता येतील, पण तशी स्मरणशक्ती असलेल्या माणसाबरोबर मी सहसा खेळायला बसत नाही.)

पवित्रा यांचे उत्तर:

मी काही वर्षे प्रत्यक्ष तलवारबाजी केली आहे, त्यामुळे वरील सूचनेतील प्रतिवाराचा हक्क वाचून आनंद झाला. फॉइल आणि सेबर या दोन शस्त्रांच्या स्पर्धेत अगदी हाच न्याय चालतो. ज्याने आधी आक्रमण सुरू केले त्याचा हक्क पहिला. समोरच्याने ते पात्याने बाजूला सारले की हक्क त्याच्याकडे जातो. आणि दोघांचे स्पर्श एकदमच झाले तर पंच हक्क कोणाचा होता हे पाहून गुण देतात. एपी या तिसऱ्या शस्त्रात मात्र हक्काची भानगड नाही. तेथे दोन्ही टोके एकमेकांच्या अंगाला साधारण ४० ते ५० सहस्रांश सेकंदांच्या फरकाने टेकली, तर गुण दोघांनाही मिळतो.

आपल्या घडी पडलेल्या राणीचे मूळही याच आकड्यात आहे. काही दिसल्यावर हात हलवायला माणसाला साधारण २०० सहस्रांश सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. एवढ्या अवधीत कोणाचा पत्ता आधी टेकला, हे टेबलाभोवतीच्या कोणाच्याही डोळ्यांना खात्रीने सांगता येणार नाही. प्रत्यक्ष खेळातही ते पंचांच्या डोळ्यांवर सोडणे जमले नाही आणि विजेची यंत्रे आणावी लागली. ऑलिंपिकमध्ये एपीसाठी ती १९३६ साली आली, फॉइलसाठी १९५६ साली, आणि सेबरसाठी तर थेट १९९२ साली. आपल्या टेबलावर यंत्र नाही. म्हणून आधी कोण, हा प्रश्नच उद्भवणार नाही असे नियम हवेत.

परंतु माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. आपल्या खेळात अंतर नाही. तलवारीची लढत हातांनी जिंकली जाते असे बाहेरून वाटते. आत उतरल्यावर कळते की ती पायांनी जिंकली जाते. समोरचा टप्प्यात कधी येतो आणि आपण टप्प्याबाहेर कसे राहतो, यातच निम्म्याहून अधिक लढत संपलेली असते. ही गोष्ट पत्त्यांत सर्वांत नेटकेपणाने उतरवली ती राइनर क्निझिया या जर्मन खेळरचनाकाराने, १९९३ च्या एन गार्ड या खेळात. दोन खेळाडू, २३ घरांची एक पट्टी आणि १ ते ५ आकड्यांचे प्रत्येकी पाच, असे अवघे २५ पत्ते. पत्त्याच्या आकड्याइतकी घरे पुढे किंवा मागे सरकायचे. दोघांतील अंतर पत्त्याच्या आकड्याएवढे झाले की तोच पत्ता वार ठरतो. एकाच आकड्याचे दोन पत्ते एकदम टाकले तर वार जोराचा होतो, आणि समोरच्याला तो त्याच आकड्याच्या तितक्याच पत्त्यांनी अडवावा लागतो. पाऊल टाकायला, वार करायला आणि वार अडवायला तेच पत्ते लागतात, त्यामुळे आता घाईने पुढे सरसावलो तर मग अडवायला काय उरेल, ही धाकधूक सतत राहते. नियम पाच मिनिटांत समजतात, तरीही जिवाची घालमेल मात्र खऱ्या लढतीसारखीच होते.

तो खेळ दोघांचाच असल्याने पट्टी पुरते. सहा जणांच्या वर्तुळात पट्टी आखणे म्हणजे डोक्याला ताप होईल, म्हणून मी एवढेच सुचवेन की वार फक्त शेजाऱ्यावर, म्हणजे लगतच्या डाव्या किंवा उजव्या खेळाडूवर करता यावा. टप्प्याची जाणीव एवढ्यानेही येते. वार कोठून येणार हे दोनच दिशांपुरते मर्यादित होते, आणि सगळ्यांनी मिळून एकावर तुटून पडण्याचा प्रकार आपोआप आटोक्यात येतो.

हातघाई यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे विचारपूर्वक लिहिलेली आहेत, तरी पाळ्याविना खेळावर इतक्या लवकर फुली मारू नये असे मला सुचवायचे आहे. पाळ्या नसलेले खेळ काही कालपरवाचे नाहीत. पिट हा ओरडून सौदे करण्याचा खेळ १९०४ सालचा आहे आणि तो आजही तितक्याच गोंगाटात खेळला जातो. जेम्स अर्नेस्ट या अमेरिकी रचनाकाराने १९९८ मध्ये फॉलिंग आणि १९९९ मध्ये ब्रॉल असे दोन खेळ काढले, आणि दोन्हींत पाळी हा शब्दच नाही. त्यांतील ब्रॉल तर हातापायीचाच खेळ आहे. वार, अडवण आणि गोठवण असे निरनिराळे पत्ते ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने टाकायचे.

आपला वाद पेटला तो पाळ्या नसल्यामुळे नव्हे. पत्ता नेमका कोठे पडायचा हे ठरलेले नव्हते म्हणून. प्रत्येक खेळाडूपुढे तळहाताएवढी एकच जागा आखावी आणि वार त्या जागेवरच पडावा. दोघांनी एकदम टाकले तर खाली सापडलेला पत्ता आधीचा, वर असलेला नंतरचा. वरचा पत्ता मालकाने निमूटपणे परत घ्यायचा. येथे डोळ्यांनी निवाडा करावाच लागत नाही, तो पत्त्यांची चळतच करते. त्याबरोबर दोन बंधने हवीत. पत्ते टाकायला एकच हात वापरावा आणि एका वेळी एकच पत्ता उचलावा. पत्ता आपटलेला दिसला तर तो वार बाद धरावा. राणी तरी वाचेल.

तरीही सर्वांना ही झोंबाझोंबी मानवत नाही, हे मान्य आहे. मनगटाचा वेग कमी असलेला माणूस अशा खेळात कायमचा मागे पडतो. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. प्रत्येकाने एक पत्ता पालथा ठेवावा, तो डाव्या शेजाऱ्याच्या बाजूला सरकवला तर डावीकडे वार, उजवीकडे सरकवला तर उजवीकडे, आणि छातीशी ठेवला तर अडवण. मग एकाच्या इशाऱ्यावर सर्वांनी एकदम उघडावे. विचाराला पंधरा सेकंद धरले तर पाळीने खेळताना पाच जणांची फेरी ७५ सेकंदांची होते, एकदम उघडताना ती पंधराच सेकंदांत आटोपते, आणि सहावा आला तरी वाढत नाही. हूल देण्याची खरी गंमत मला याच पद्धतीत आढळली, कारण हात डावीकडे नेऊन शेवटच्या क्षणी छातीशी आणणारे महाभाग प्रत्येक टेबलावर एक तरी असतातच.

तिसरा भिडू यांचे उत्तर:

वेगाविषयी पुष्कळ चर्चा झाली. बाद होण्याविषयी आणि एकावर तुटून पडण्याविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही. अनेकांच्या लढतीत एक मूळ खोट असते, ती अशी की दोघे भिडले की दोघेही झिजतात आणि फायदा होतो स्वस्थ बसलेल्या तिसऱ्याचा. (माझे येथील नाव त्यावरूनच घेतले आहे.) तीन नेमबाजांचे एक जुने कोडे या संदर्भात प्रसिद्ध आहे. पहिल्याचा नेम तीनांत एकदा लागतो, दुसऱ्याचा तीनांत दोनदा आणि तिसऱ्याचा कधीच चुकत नाही. सर्वांत कच्च्याने पहिली गोळी झाडायची आहे. त्याच्यासाठी उत्तम चाल कोणती, तर मुद्दाम हवेत गोळी झाडणे! तसे केल्यास तो जिवंत राहण्याची शक्यता ६३ पैकी २५ असते, मधल्याची ६३ पैकी २४ आणि कधीच न चुकणाऱ्याची अवघी १४. न लढणाराच जेथे वरचढ ठरतो, त्या खेळात तलवारी म्यानाबाहेर येणार कशा?

त्यामुळे जीव मोजणे सोडावे आणि घातलेले घाव मोजावेत. हे वळण एका नामांकित खेळानेही घेतले आहे. एमिलियानो शारा या इटालियन रचनाकाराच्या २००२ च्या बँग! या खेळात मेलेला खेळाडू शेवटपर्यंत बाहेर बसतो. त्याच सांगाड्यावर त्यांनी २०१२ मध्ये तीन ते सात जणांसाठी सामुराई स्वॉर्ड रचला तेव्हा बाद होणेच काढून टाकले. तेथे ज्याचा दम संपतो तो मारणाऱ्याला आपला एक मानाचा गुण देतो आणि स्वतःची पाळी आली की पुन्हा उभा राहतो. मधल्या काळात तो निरुपद्रवी धरला जातो, म्हणजे त्याच्यावर वार करता येत नाही आणि अंतर मोजतानाही त्याला वगळतात. ज्याचा हात रिकामा आहे त्यालाही हेच संरक्षण मिळते. डावखुरा यांच्या नियमात रिकाम्या हाताचा माणूस हमखास बळी ठरतो, हा त्याच्या नेमका उलटा विचार आहे. आपल्याला कोणता रुचतो ते ठरवावे. मला बळीचा रुचतो, कारण त्यामुळे पत्ते जपून वापरावे लागतात.

आता दुबळ्यावर तुटून पडण्याचा प्रश्न. वार शेजाऱ्यांवरच होणार असतील तर गुण असे मोजावेत: डाव्या शेजाऱ्यावर घातलेले घाव वेगळे, उजव्यावरचे वेगळे, आणि त्यांतील जो आकडा लहान तोच आपला गुण. डावीकडे चार आणि उजवीकडे एक असेल, तर गुण एकच. सर्वांत कमी असलेला आकडाच मोजायची ही युक्तीही क्निझियाचीच आवडती आहे. १९९७ च्या टायग्रिस अँड युफ्रेटिस या खेळात ती आढळते. एकाच दुबळ्याला झोडपत बसण्याचा मोह यामुळे जातो, कारण तिसऱ्या-चौथ्या घावाने पदरात काही पडत नाही. लहान आकडा ज्याचा आधी तीन होईल तो जिंकला. सहा जण असतील तर समोरासमोरच्यांची गाठ पडत नाही, म्हणून प्रत्येक डावानंतर जागा बदलाव्यात.

पानबहाद्दर यांचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल चौघांनी मिळून हे नियम खेळून पाहिले. मूळ चौकट डावखुरा यांची ठेवली, त्यावर शेजाऱ्यापुरता वार आणि लहान आकड्याचा गुण हे दोन नियम घातले. पाळ्याविना प्रकार घडी पडलेल्या राणीच्या स्मरणार्थ तूर्त बाजूला ठेवला. तीन डाव झाले आणि कोणीही क्षणभर बाहेर बसले नाही.

एक चकमक सविस्तर सांगण्याजोगी आहे. माझ्या उजव्या शेजाऱ्याने बदाम सत्ती टाकली, मी बदाम नव्वीने ती अडवली आणि हक्क माझ्याकडे आला. आता हातात इस्पिकचा राजा, किल्वरची तिर्री आणि दोन चौकटी उरल्या होत्या. राजा टाकला असता तर प्रतिवाराचे भय जवळपास नव्हते, पण मग पुढचा इस्पिकचा वार अडवायला माझ्याकडे काहीच उरले नसते. मी डावीकडे वळून तिर्री टाकली. घाव बसण्याची शक्यता राजाने वाढत नाही आणि तिर्रीने घटत नाही, कारण अडवायला कोणताही किल्वर चालतो. फरक पडतो तो वार फसला तर काय होईल यातच. डावीकडच्याने किंचित हसून किल्वरची पंजी खाली ठेवली आणि तीच चाल माझ्यावर उलटवली, तीही इस्पिकने. राजा कामी आला, हक्क परत माझ्याकडे आला, आणि हातात उरल्या त्या दोन चौकटी. पहिलीच चौकट टाकली तेव्हा तो हात चाळत बसला. त्याच्याकडे एकही चौकट नव्हती. सात पत्ते आणि वीस-पंचवीस सेकंद, एवढ्यात हे सगळे घडले.

आता अडचण. लहान आकडाच मोजला जातो, हे ध्यानात आल्यावर तिसऱ्या डावात एक निराळाच प्रकार सुरू झाला. ज्या शेजाऱ्याचा माझ्या बाजूचा आकडा आधीच मोठा आहे त्याचा वार अडवण्यासाठी मी चांगला पत्ता का खर्चावा? घाव खाल्ल्याने त्याला काहीच मिळत नाही आणि मला मात्र पुन्हा पाच पत्ते मिळतात. आम्ही घाव बसलेल्यालाच पुढच्या चकमकीचा पहिला वार देत होतो, त्यामुळे मार खाणे हा उलट फायद्याचा सौदा झाला. शेवटी शेवटी एक जण छाती पुढे काढून बसला होता. अडवणे सक्तीचे करावे काय?

डावखुरा यांचे उत्तर:

सक्ती करू नये. हातात त्या रंगाचा पत्ता आहे की नाही हे तपासायला प्रत्येक वेळी हात उघडावा लागेल, आणि सगळी गुप्तता संपेल. दोन बदल पुरेसे ठरावेत. पुढचा पहिला वार घाव बसलेल्याला न देता त्याच्या दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला, म्हणजे ज्याने घाव घातला नाही त्या शेजाऱ्याला द्यावा. आणि घाव बसलेल्याने हात पाच पत्त्यांचा न करता चारच पत्त्यांचा करावा. तो स्वतः कोणाला घाव घालेपर्यंत चारांवरच राहील. चार पत्त्यांनी वार अडण्याची शक्यता ७५ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर येते. एवढी जखम माणसाला सावध करायला पुरते, पण तो खेळातून उठत नाही. दुसऱ्यांदा घाव बसला तर तीन पत्ते करावेत काय, हे मी ठरवलेले नाही. तिघांच्या डावात तो नियम फार कडक होईल असे वाटते, सहांच्या डावात कदाचित चालेल.

आणि राणीला जड पुस्तकाखाली दोन दिवस ठेवून पाहावे. घडी जाणार नाही, पण पिसताना बोटाला लागणार नाही.